काबो दे पालोस: मेरो माशांच्या शेजारी दोन दिवस

स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावर, कार्ताहेना शहरापासून सुमारे 30 किलोमीटरवर असलेल्या काबो दे पालोस या मासेमारांच्या गावी आम्ही सप्टेंबरअखेर गेलो, ते केवळ डायव्हिंगसाठी. कार्ताहेनाहून ला मांगाकडे जाणाऱ्या बसने गाव गाठता येते. रविवारी मात्र आठवडी बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही.

गावासमोरचा समुद्र 1995 पासून संरक्षित आहे. ओर्मिगास बेटांभोवतीच्या गाभ्यात उतरण्यास मनाई असून, बाकीच्या ठिकाणी रोज ठरावीक संख्येनेच डायव्हिंग करणाऱ्यांना परवानगी मिळते. त्यामुळे डायव्हिंग केंद्राकडे आधीच नाव नोंदवावे, आणि प्रमाणपत्र, विमा व वैद्यकीय दाखला यांबाबत त्यांच्याकडूनच खात्री करून घ्यावी. आमचा पहिला दिवस ‘लेव्हांते’ या पूर्वेच्या वाऱ्याने वाया गेला, बोटी बंदरातच राहिल्या. म्हणून एक दिवस हाताशी जास्त ठेवाच.

दुसऱ्या दिवशी ‘बाहो दे देंत्रो’ या पाण्याखालच्या खडकावर दोरीला धरून उतरलो. आपल्याकडच्या गोबऱ्याच्या कुळातला मेरो मासा, चांगला हातभर लांब, कपारीतून बाहेर येऊन माझ्या मास्कपासून दोन फुटांवर थांबला आणि कल्ले संथ हलवत बराच वेळ पाहत राहिला. जाळ्याची आणि भाल्याची भीती नसलेला मासा कसा वागतो, हे मी प्रथमच पाहिले, आणि संरक्षणाचे मोल मला त्या क्षणी पटले. वर बराकुडा या लांबट माशांचा थवा चांदीच्या पडद्यासारखा फिरत होता.

‘बाहो दे फुएरा’ हा बाहेरचा खडक प्रवाहामुळे अवघड आहे, तेथे अनुभवी लोकांनीच जावे. 4 ऑगस्ट 1906 रोजी दक्षिण अमेरिकेकडे निघालेले ‘सिरियो’ हे इटालियन जहाज त्याच खडकावर आदळले आणि शेकडो स्थलांतरित बुडाले. कितीतरी जणांना याच गावच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत घेऊन वाचवले, ही गोष्ट ठाऊक असली की बंदरातल्या होड्यांकडे पाहण्याची नजर बदलते.

संध्याकाळी ‘काल्देरो’ अवश्य खावा: माशाच्या रश्शात, न्योरा नावाच्या सुक्या मिरचीसह शिजवलेला भात, सोबत अलिओली हा लसणाचा सॉस आणि मासा वेगळा. शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास, शक्यतो पूर्ण दिवस, विमानात बसू नये. आम्ही तो दिवस कार्ताहेनाच्या पाण्याखालील पुरातत्त्वाच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी राखून ठेवला होता.