चोवीस नाही, बाराच!
घनाला कडा किती? लेक म्हणाली, २४. "सहा चौरस, प्रत्येकाला चार बाजू, मग चोवीसच ना बाबा!" तिचा गुणाकार तर बरोबर होता!

शेवटी उसळीसाठी भिजवलेले वाटाणे आणि टूथपिक घेऊन बसलो. ८ वाटाणे म्हणजे शिरोबिंदू, १२ काड्या म्हणजे कडा. तिसरी काडी टोचताना वाटाणा हमखास फुटायचा, पण घन उभा राहिला. तिने एका काडीवर बोट ठेवलं आणि थबकली. "बाबा, ही वरच्या चौरसाची पण आहे आणि समोरच्याची पण!" दोन बाजू मिळून एक कडा. आम्ही शाळेत हे नुसतं पाठ केलं होतं.

मग तिनेच चौरस तळाचा पिरॅमिड केला. ५ वाटाणे, ८ काड्या, पृष्ठं ५. शिरोबिंदू अधिक पृष्ठं वजा कडा, घनासारखंच उत्तर २! गणितज्ञ ऑयलरचं सूत्र, आमच्या ओट्यावर.