पानगळीच्या नोंदी : उजेडाच्या हिशेबाने आखलेला ऋतू

या वर्षी चालणे, सायकल, बागकाम आणि नातेवाइकांच्या भेटी ही चारही कामे मी तापमानाऐवजी सूर्यास्ताच्या वेळेला बांधून घेतली आहेत. ऋतू अर्ध्यावर आला असताना या बदलाचा काय उपयोग झाला, हे समानछंदी मंडळींसाठी येथे नोंदवत आहे. थंडी वाढली तर अंगावर आणखी एक कपडा चढवता येतो, पण उजेड सरला की उरलेले काम दुसऱ्या दिवसावर ढकलावेच लागते.

उजेड किती झपाट्याने घटतो याचा नेमका अंदाज असणे महत्त्वाचे आहे. शरद संपाताच्या (उन्हाळ्यानंतर दिवस-रात्र जवळपास समान होतात त्या दिवसाच्या) आसपास, म्हणजे उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरच्या आणि दक्षिण गोलार्धात २०-२१ मार्चच्या सुमारास, दिवस वर्षातील सर्वांत जास्त वेगाने लहान होत असतो. ४० अंश अक्षांशावर रोज सुमारे पावणेतीन मिनिटे, तर ५० अंशांवर पावणेचार मिनिटांच्या आसपास उजेड कमी होतो. पंधरवड्याचा हिशेब केला तर अनुक्रमे अर्ध्या आणि पाऊण तासाहून जास्त वेळ हातचा जातो. म्हणून दर आठवड्याच्या सुरुवातीला त्या आठवड्याच्या सूर्यास्ताच्या वेळा वहीत लिहून ठेवणे आणि त्यानंतरच बेत ठरवणे, हा क्रम मी पक्का केला आहे.

चालण्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडला तो स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला जुना नियम. दर ५ किलोमीटरला एक तास धरायचा आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास मिळवायचा. १२ किलोमीटरच्या, ४५० मीटर चढ असलेल्या वाटेला या नियमाने तीन तास दहा मिनिटांच्या जवळपास वेळ लागतो, आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. मी या आकड्यात विश्रांतीचा वेळ आणि एक तास राखीव मिळवतो, ती बेरीज सूर्यास्ताच्या वेळेतून वजा करतो आणि जे उत्तर येईल त्याच्या आधी घरातून निघतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत उघड्यावर वाट दिसते हे खरे, परंतु दाट झाडीत अंधार त्याच्या बराच आधी उतरतो. त्यामुळे संधिप्रकाश मी हिशेबात धरतच नाही.

या ऋतूतील चालण्याचा खरा आनंद रंगांचा आहे, आणि तेथेही सूत्रे उजेडाच्याच हाती आहेत. दिवस लहान होत असल्याची आणि गारवा वाढत असल्याची खूण मिळाली की झाड पानांतील हरितद्रव्य मोडू लागते आणि त्यातील नायट्रोजनसारखी मोलाची द्रव्ये फांद्यांत परत ओढून घेते. पिवळा आणि नारिंगी रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये पानात आधीपासूनच असतात, हिरवा थर विरल्यावर ती केवळ दिसू लागतात. लाल रंगाची गोष्ट मात्र वेगळी आहे. अँथोसायनिन हे द्रव्य बहुतेक लाल होणाऱ्या झाडांत याच काळात नव्याने तयार होते आणि त्यासाठी पानातील साखर व भरपूर ऊन लागते. स्वच्छ उन्हाचे दिवस आणि थंड, पण गोठवणार नाहीत अशा रात्री लागोपाठ आल्या की लाल रंग सर्वाधिक खुलतो. हे समजल्यापासून मी एकाच झाडाची उन्हाकडची आणि सावलीकडची बाजू मुद्दाम पाहतो. उन्हाकडच्या फांद्या अनेकदा ठळकपणे अधिक लाल असतात, आणि हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहण्याचे समाधान फार मोठे आहे.

सायकलची नोंद थोडक्यात देतो. तापमान २० अंशांवरून ५ अंशांवर आले की ६० पीएसआय (टायरमधील हवेचा दाब मोजण्याचे एकक) दाबाच्या टायरमधील दाब हवेची गळती नसतानाही सुमारे ४ पीएसआयने उतरतो. म्हणून प्रत्येक मोठ्या फेरीपूर्वी दाब तपासणे मी सक्तीचे केले आहे. ओली पाने घसरडी तर असतातच, शिवाय खड्डेही झाकून टाकतात. त्यामुळे वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच कमी करावा आणि पानांवरून जाताना ब्रेक व झुकणे दोन्ही टाळावे. खाली उतरलेला सूर्य आपल्या पाठीशी असेल, तर समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर तो थेट येतो आणि आपण त्याला दिसतच नाही. म्हणून दिवे मी भर दुपारीही लावून ठेवतो आणि घोट्यांवर प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या बांधतो, कारण वरखाली हलणारी पट्टी पाहून सायकलस्वार आहे हे चालकाला लवकर उमगते.

बागेत या दिवसांत सर्वांत जास्त प्रगती झाली आहे. हवा गार झाली तरी माती उन्हाळ्याची ऊब बराच काळ धरून ठेवते, त्यामुळे आता लावलेली झाडे आणि कंद थंडी पडण्यापूर्वी मुळे धरतात. नर्गिसाचे कंद लावून झाले आहेत. कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट खोल खड्डा हे माप मी पाळले आहे. ट्यूलिपचे कंद अजून कोरड्या, हवेशीर जागी थांबवून ठेवले आहेत, कारण माती गार झाल्यावर ते लावले तर बुरशीच्या रोगाचा धोका कमी होतो. त्यांना चांगले फुलण्यासाठी साधारण १२ ते १६ आठवड्यांची थंडी लागते, ती उशिरा लावूनही मिळते.

गळलेल्या पानांचे खत हा मात्र माझ्या विशेष जिव्हाळ्याचा विषय आहे. हे काम मुख्यतः बुरशी करते, तेही उष्णतेविना आणि संथपणे, म्हणून नेहमीच्या खताच्या ढिगात पाने कोंबण्यापेक्षा त्यांच्यासाठी तारेच्या जाळीचे वेगळे कुंपण केलेले चांगले. पाने भिजवून दाबावीत आणि ढीग कोरडा पडू देऊ नये, एवढीच देखभाल पुरते. पाने आधी चुरली तर वर्षभरात आच्छादनापुरते खत मिळते, अखंड राहिली तर दोन वर्षे लागू शकतात. या खतात पोषक द्रव्ये थोडी असतात, पण पाणी धरून ठेवण्याची ताकद उत्तम असते. हिरवळीवरची आणि वाटेवरची पाने मी गोळा करतो. झुडपांखालची मात्र तशीच राहू देतो, कारण अनेक कीटक त्या थराखालीच हिवाळा काढतात.

भेटीगाठींतही उजेडाचा हिशेब लागू केल्याने मोठा फरक पडला. पूर्वी भेट म्हणजे आधी जेवण, मग गप्पा आणि शेवटी वेळ उरला तर फेरफटका असा क्रम असे. आता आम्ही सकाळी भेटतो, आधी बाहेर पडतो आणि गप्पांसाठी अंधार राखून ठेवतो. वाट अशी निवडतो की घराजवळून दोन-तीनदा जाता येईल. त्यामुळे आईला गुडघे दुखू लागताच थांबता येते आणि भाचरांना पुढची फेरी मारता येते. कंद लावण्याच्या दिवशी आईने खुर्चीत बसून प्रत्येक कंद दाबून पाहिला आणि मऊ पडलेले बाजूला काढले. मुलांनी उरलेले गवतावर उधळले आणि जेथे पडले तेथेच लावले, कारण असे विखुरलेले ताटवे नैसर्गिक दिसतात. नर्गिसाचा कंद विषारी असतो आणि त्याचा रस त्वचेला झोंबतो, त्यामुळे लहान मुले सोबत असताना हातमोजे व नंतर हात धुणे आवश्यक आहे.

पुढच्या भेटीचा बेत ठरला आहे. जाताना सायकल, मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर परतीचा प्रवास. तोपर्यंत माती पुरेशी गार झाली असेल, तर ट्यूलिपचे कंद त्याच सकाळी सर्वांनी मिळून लावायचे आहेत.