गच्चीवरचा अँटेना आणि बारामतीची न ऐकू येणारी विमानं

जुळे सोलापूरहून खबरबात. विमानं १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा आणि उंची सांगत असतात, ते ऐकणारा माझा अँटेना बाल्कनीच्या कठड्यावरून काढून गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या स्टँडला बांधला. तांब्याच्या तारा त्याच, ६.९ सेंमीच्या, म्हणजे १०९० मेगाहर्ट्झच्या लहरीचा पाव हिस्सा. फरक पडला तो उंचीमुळे आणि केबल आखूड केल्यामुळे. ते संदेश उलगडणारा छोटा कॉम्प्युटर, रास्पबेरी पाय, जिन्याच्या खोलीत पत्र्याखाली आहे. सोलापूरच्या एप्रिलमध्ये त्याचं काय होतं ते बघूच.

मुंबई-हैदराबादची वाहतूक आता सलग दिसते. हैदराबादकडे जाणारी ३३, ३५ हजार फुटांवर, मुंबईकडे येणारी ३४, ३६ हजारांवर. पण मला जास्त गंमत वाटते ती यादीत उंची दाखवणाऱ्या, नकाशावर मात्र ठिपका नसलेल्या विमानांची. त्यांचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उत्तर देणारा रेडिओ, विचारलं तर उत्तर देतो, स्वतःहून जागा सांगत नाही.

प्रवासी विमानातल्या टीकॅसचं, म्हणजे टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेचं, त्यावाचून काही अडत नाही. तो १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न टाकतो, १०९० वर उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. त्याला हवी असते उंची. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सेरिटोसवर डीसी-९ आणि छोटं पायपर धडकलं, ८२ माणसं गेली. पायपरचा ट्रान्सपॉन्डर उंची पाठवत नव्हता, आणि डीसी-९ वर टीकॅस नव्हता. असता तरी तो नुसता ‘ट्रॅफिक’ ओरडला असता. वर जा की खाली, हे उंचीशिवाय त्याला ठरवता येत नाही. अमेरिकेने प्रवासी विमानांना टीकॅस सक्तीचा केला तो या अपघातानंतर. आपल्याकडे त्यासाठी १९९६ ची हरियाणातल्या चरखी दादरीवरची विमानांची टक्कर घडावी लागली.

गोव्याचं एटीआर विमान होटगी रोडच्या विमानतळावर उतरताना मला जवळजवळ धावपट्टीपर्यंत दिसतं. मात्र जमिनीपासून साधारण हजार फुटांखाली टीकॅस वर-खालीचा सल्ला देणं बंद करतो. २०२५ च्या जानेवारीत वॉशिंग्टनला जेट आणि हेलिकॉप्टर धडकले ते याच पट्ट्यात.

आता खरी अडचण. बारामतीची शिकाऊ विमानं मला ऐकूच येत नाहीत. सरळ रेषेत अंतर दीडशे किलोमीटर. दोन-तीन हजार फुटांवरचं विमान तिथून पृथ्वीच्या गोलाईआड जातं. माझा वायव्येचा नकाशा रिकामा दिसतो त्याला काडीचा अर्थ नाही. टेंभुर्णीला रिसीव्हर असेल तर तीच विमानं हजार फुटांवरही सापडतील.

आणि चार रिसीव्हर जमले, घड्याळं जुळली, तर एकच संदेश कुठे किती उशिरा पोचला यावरून ठिपका नसलेल्यांचीही जागा काढता येते. टेंभुर्णी, पंढरपूर, बार्शीकडे कोणाकडे यूएसबी रेडिओ रिसीव्हरचा डोंगल धूळ खात पडलाय का? अँटेना मी बनवून देतो, पीव्हीसी पाइपाच्या टोपीसकट.