टाकीचं झाकण

बोट मुंबईला पोचून तीन आठवडे झाले. पैसे वेळेवर मिळाले, मालकाने घरी पेढे पाठवले. तरी रात्री पाठ टेकली की तीच ओळ कानात येते. "काकानू, त्या टाकयेचा झाकाण कोणी उघडलेला मी काय बगूक नाय."

हे मला यार्डातला एक पोरगा म्हणाला होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी, बिडी पिताना.

माझं काम नवी बोट यार्डातून मालकाच्या धक्क्यावर नेऊन देण्याचं. लोकांना वाटतं, सुकाणू धरायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं. सुकाणू तर माझा खलाशीही धरतो. माझे पैसे हाताचे आणि कानाचे. नव्या बोटीत दर अर्ध्या तासाने इंजिनखोलीत उतरायचं, पंखा फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, जिथे बाहेर जातो त्या सांध्यावर, ग्लँडवर, पालथा हात ठेवायचा. तिथून पाणी थेंब-थेंब गळायला हवं. गळत नसेल तर नवखा माणूस खूश होतो, पण आतलं पॅकिंग, पाणी अडवायला ठासलेली दोरी, जळत असते. हाताला सोसवेल इतपत कोमट, आणि थेंब मोजता येतील एवढे, असं असलं की वर येऊन चहा घ्यायचा. शाफ्ट इंजिनाला जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट पहिल्या चार तासांत एकदा आवळायचेच, कारण जमिनीवर सरळ रेषेत बसवलेला शाफ्ट बोट पाण्यात पडली की तसाच राहील याची खात्री नसते. होकायंत्र तर नव्या बोटीत खोटं बोलतंच. या बोटीत कोणीतरी त्याच्या शेजारी गाण्यांचा स्पीकर ठोकला होता, त्यात लोहचुंबक. काटा बारा अंश उजवीकडे! स्पीकर काढला तेव्हा मालकाचा पुतण्या रुसला.

बोट फायबरची, साठ माणसं बसतील अशी, दोन इंजिनांची. झुआरीच्या काठावरच्या एका यार्डात बांधलेली. मुंबई बंदरात प्रवासी वाहतुकीला जायची होती. खुल्या समुद्राची बोट नव्हेच ती. एका फेरीपुरती परवानगी काढून, चांगलं हवामान बघून, प्रवासी न घेता न्यायची. गोवा ते मुंबई सव्वादोनशे मैलांच्या आसपास. नोव्हेंबर महिना.

या दिवसांत आमचा समुद्र वेळापत्रक पाळतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, पाणी तेलासारखं गुळगुळीत. दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि मुंबईकडे जाणाऱ्याच्या नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, बसतो. म्हणून मी पहाटे तीनला निघणार होतो. दुपारी वारा सुटेपर्यंत विजयदुर्ग मागे पडला असता. पण मालकाला नारळ फोडायचा होता, भटजी सहाला आले, फोटोवाला साडेसहाला. सात वाजता दोर सोडले. नारळाला माझा विरोध नाही, मीही फोडतो. पण मुहूर्त काढणाऱ्याने एकदा भरती-ओहोटीचं कोष्टक बघावं असं मला फार वर्षं वाटतं.

आग्वाद, मग वेंगुर्ला रॉकचं दीपगृह, सगळं ठीक. मालवणचे खडक टाळायला बाहेरून गेलो. अकराला ग्लँड कोमट, बाराला कोमट. इंजिन सांभाळणाऱ्या ड्रायव्हरने कुर्ल्यांचं कालवण तापवलं. दोनच्या सुमाराला देवगडच्या पवनचक्क्या उजव्या हाताला दिसल्या आणि तेवढ्यात वारा आला. तासाभरात मीटरभराच्या आखूड, उभ्या लाटा. बोट नाळ वर काढायची आणि धप्पकन आपटायची. फायबरची बोट आपटते तेव्हा लाकडी बोटीसारखा बद्द आवाज येत नाही, पत्र्याच्या पिंपावर कोणी थाप मारावी तसा येतो.

पावणेतीनला डाव्या इंजिनाचा आवाज बदलला. खाली आला, वर गेला, परत खाली. ड्रायव्हर म्हणाला, "डिझेल गावत नाय तेका." फिल्टरची काचेची वाटी बघितली तर दुधासारखी पांढरी. पाणी नव्हे. पाणी तळाशी वेगळं दिसतं. हे तरंगत होतं, बोटांत चोळलं तर करकरत होतं. फिल्टर बदलला, पाइपात शिरलेली एअर काढली, इंजिन चालू केलं. बारा मिनिटं चाललं. तेवढ्यात उजवं खोकायला लागलं.

दोन इंजिनं म्हणजे एक बंद पडलं तरी दुसरं आहे, असं विकणारे सांगतात. दोन्ही एकाच आईचं दूध पीत असतील तर? टाक्या दोन होत्या, सहाशे-सहाशे लिटरच्या, पण त्यांना जोडणाऱ्या पाइपाचा कॉक मीच उघडा ठेवला होता, बोट एका अंगाला कलू नये म्हणून. यार्डाने दिलेले जादा फिल्टर होते दोन. ते दोन्ही वीस मिनिटांत गेले.

सव्वातीनला दोन्ही इंजिनं बंद. इंजिनं बंद झाल्यावर बोटीत जी शांतता पसरते ती मला अजिबात आवडत नाही. लाटांचा आवाज एकदम जवळ येतो.

देवगड पाच मैल मागे, विजयदुर्ग सहा मैल पुढे, उजवीकडे अडीच मैलांवर कातळाचा किनारा, आणि वारा आम्हाला तिकडेच ढकलतोय. पाण्याची खोली मोजणारा साउंडर एकोणीस मीटर दाखवत होता. नांगर टाकला. दोर साठ मीटर. म्हणजे पाण्याच्या तिप्पट. धरायला पाचपट तरी हवा, लाटा असतील तर सातपट. नांगर सरकू लागला. बांधायचे दोन दोर काढले, जोडून लांबवले, तेव्हा कुठे तो रुतला. मग खलाशी ओरडला. नाळेवरचा बोलार्ड, दोर बांधायचा खुंटा, हलत होता. वाकून बघतो तर त्याच्या बुडाशी फायबरच्या वरच्या थराला, जेलकोटला, केसासारख्या चिरा. खालच्या बाजूने ना लाकूड, ना प्लेट, नुसते वॉशर! साठ माणसांच्या बोटीचा बोलार्ड खिडकीच्या कडीसारखा बसवलेला. दोराचा ताण मागे नेऊन केबिनच्या दोन खांबांना वाटून दिला.

एवढ्यात देवगडचा एक ट्रॉलर जवळ आला. तांडेलाने विचारलं, "दोर देऊ काय?" नको म्हणालो. त्या बोलार्डला दोर लावून ओढलं असतं तर बोलार्ड ट्रॉलरबरोबर गेला असता आणि आम्ही इथेच. तसं सांगितल्यावर तो हसला नाही, मान हलवली आणि अर्ध्या मैलावर जाऊन थांबला. दिवसाची मासळी बर्फात घालून, बंदरात लिलाव चुकतोय हे माहीत असून, तासभर आमच्यासाठी उभा राहिला. मालकाचा फोन त्याच वेळी लागला. म्हणाला, "देवगडचा किल्ला दिसला का? एक व्हिडिओ पाठवा ना." मी रेंज नाही म्हणालो. ते अर्धं खरं होतं.

आता जे केलं त्याचा मला अभिमान आहे, म्हणून सविस्तर सांगतो. मी कुठलीही बोट पोचवताना स्वतःचे पस्तीस लिटरचे दोन कॅन डिझेल वेगळे घेतो. यार्डवाले हसतात. त्यातला एक कॅन इंजिनापेक्षा उंच, पायरीवर बांधला. टाकीकडून येणारा पाइप काढून टाकला आणि कॅनमधून नळी थेट इंजिनाच्या दुसऱ्या फिल्टरला लावली. इथे बहुतेक जण एक चूक करतात. डिझेल इंजिन जेवढं ओढतं तेवढं जाळत नाही, उरलेलं परत टाकीत पाठवतं. ती परतीची नळी जागेवर ठेवली की तुमचं चांगलं डिझेल घाण टाकीत वाहून जातं आणि कॅन बघता बघता रिकामा. म्हणून परतीची नळीही त्याच कॅनमध्ये खोचली. ते परत येणारं तेल गरम असतं, कॅन तापतो, त्यामुळे एका खलाशाला हात लावून बसवला आणि सांगितलं, चटका बसायला लागला की दुसऱ्या कॅनवर जायचं. इंजिनावरच्या फिल्टरची जाळी बदलायला नव्हती, ती चांगल्या डिझेलमध्ये तीन वेळा खंगाळली. हातपंप मारून एअर काढायला ड्रायव्हरला पंचवीस मिनिटं लागली, बोट आपटत असताना, डोकं खाली घालून. तो दोनदा ओकला आणि परत पंपाला लागला. त्याला या कामाचे मिळतात किती ते सांगायला मला लाज वाटते.

साडेचारला उजवं इंजिन चालू झालं. एका इंजिनावर, हळू, चार मैलांच्या वेगाने. ट्रॉलर मागे. देवगड तेवढंच जवळ होतं आणि वारा पाठीला मिळाला असता, पण देवगडचं तोंड अरुंद, संध्याकाळी आत शिरणाऱ्या बोटींची गर्दी, आणि माझं एकुलतं इंजिन पायरीवर बांधलेल्या कॅनवर. विजयदुर्गाचं तोंड रुंद आणि खोल. सूर्य बुडतानाच किल्ल्याला वळसा घालून वाघोटणच्या खाडीत शिरलो. पाणी एकदम सपाट. याच खाडीत गिर्ये गावाकडे आंग्र्यांची गोदी आहे, कातळात खोदलेली. तिथे बांधलेल्या गलबतांच्या बोलार्डखाली नुसते वॉशर नसणार. ट्रॉलरवाल्याने आमच्याकडून काही घेतलं नाही, उलट बांगड्यांची पिशवी टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी टाकी उघडायला घेतली. झाकण सापडेना. सापडलं ते प्रवाशांच्या बाकांच्या दोन रांगांखाली. बाक आधी ठोकले, त्यावर फोमचे तक्के, त्यांच्याखाली चिकटवलेलं मॅट, त्याखाली चोवीस बोल्टांचं झाकण. म्हणजे बाक बसल्यानंतर ते कोणी उघडलं असणं शक्यच नव्हतं. आत डिझेल हलू नये म्हणून आडव्या भिंती असतात, त्यांना भोकं पाडतात. ती भोकं पाडताना निघालेला फायबरचा भुसा तळाशी तसाच. तांदळाच्या पिठासारखा, दोन-दोन बोटं जाड. भोकांच्या कापलेल्या चकत्याही आत, एक मास्किंग टेपचा गुंडा आणि रेझिन लावायचा अर्धा ब्रश. नदीत सत्तर मिनिटं ट्रायल घेतली होती, पाव टाकी डिझेल, पाणी ताटासारखं. भुसा तळाशी झोपून होता. समुद्राने त्याला ढवळून उठवलं.

धोतर तिहेरी करून डिझेल गाळलं, टाक्या पुसल्या, फिल्टर रत्नागिरीहून आणवले. तिसऱ्या रात्री दोनला मतलईवर निघालो आणि दीडशे मैल एका दमात जाऊन संध्याकाळी मुंबईत. जयगड, हर्णै, जंजिरा, खांदेरी, लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

विजयदुर्गात असतानाच यार्डाच्या सुपरवायझरचा फोन आला होता. "रिपोर्टात डिझेल खराब लागलं असं लिहा ना, पंपवाल्याकडून भरपाई घेऊ." माझे कॅन त्याच दिवशी, त्याच पंपावर, त्याच नळीने भरलेले. त्यातलं डिझेल सरबतासारखं स्वच्छ. मला राग आला. राग आला की मी नीट लिहितो. चार पानं लिहिली. भुसा, चकत्या, बाक, बोलार्ड, फोटो. आणि यार्डाला हे माहीत होतं हे पक्कं करायला एक वाक्य घातलं: यार्डातील हेल्परने टाकी साफ न झाल्याचे निघण्यापूर्वी सांगितले होते.

कोणाला सांगितलं होतं? ते मी लिहिलं नाही. त्या संध्याकाळी मी त्या पोराला म्हणालो होतो, "काल सत्तर मिनिटं पळवलीय रे तिला, काय व्हायचं ते झालं असतं." आणि नंतर कँटीनमध्ये बसून बोटीच्या तपासणीच्या यादीवर सह्या केल्या. एकेचाळीस कलमं. सतरावं कलम: इंधन टाक्या तपासल्या, स्वच्छ. समोरची खूण माझ्या हातची. ती यादी मी रिपोर्टाला जोडली नाही. कोणी मागितलीही नाही.

यार्डात हेल्पर सात. कुडाळकडचा, टाकीच्या कामावर असलेला, माझ्याबरोबर बिडी ओढताना दिसलेला एकच. रिपोर्ट गेला त्या आठवड्यात त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मला ते ड्रायव्हरकडून कळलं, आठ दिवसांनी.

नंबर मिळवून फोन केला. मागे पाण्याचा आणि बर्फ फोडल्याचा आवाज. कुठल्यातरी जेटीवर होता. मी काय बोलणार होतो ते ठरवलं होतं, दुसऱ्या यार्डात ओळख आहे, शब्द टाकतो वगैरे. त्याने ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "ता ऱ्हवांदे काकानू. पण तुमी माका कित्याक मधी घातलास? मी तुमका सांगितलंय, तेंका नाय."

मी म्हणालो, रेंज जाते आहे, परत करतो.

याच बोटीची दुसरी जोड त्याच यार्डात तयार होते आहे. मालकाने न्यायला मलाच सांगितलंय. बाक ठोकायच्या आधी दोन दिवस मी येणार आणि झाकण माझ्यासमोर उघडायचं, एवढं कळवून ठेवलंय. तो नंबर फोनमध्ये 'कुडाळ हेल्पर' असाच साठवलेला आहे. त्याचं नाव मी तेव्हाही विचारलं नव्हतं.