ठेका कोण धरतंय?

“ठेका कोण धरतंय हा?” अण्णांनी माजघराच्या दारातून विचारलं. १९८४ चा मे महिना, दुपारचे तीन. खांद्यावर पंचा, हातात पाण्याचा तांब्या. आमचा टेपरेकॉर्डर फळीवर होता आणि त्याच्यासमोर मी आणि गिरगावातून आलेला मामेभाऊ, दोघं मांडी घालून बसलो होतो. दादा महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळीच मिरजेला उतरला होता. पिशवीतून त्याने आंब्यांच्या आधी कॅसेट काढली होती.

त्या काळी कॅसेट ‘भरून’ आणायची असे. दुकानात कोरी सी-९० द्यायची, सोबत गाण्यांची यादी. आठ दिवसांनी दुकानदार भरून देई. दादाच्या कॅसेटच्या पट्टीवर निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं, ‘न्यू वेव्ह – १’. दोन नंबर कधीच आली नाही. नववीतल्या माझ्या लेखी न्यू वेव्ह म्हणजे स्मिता पाटील आणि ज्यात मध्यंतरापर्यंत कुणी हसत नाही तो सिनेमा. ही आमची आणि ती त्यांची, दोन्ही नावं एकाच घरातली, हे पुढे कळलं. फ्रेंच सिनेमातल्या नव्या लाटेचं नाव या गाण्यांनाही लागलं. ते अमेरिकेत रुजवण्यात सीमोर स्टाइन या रेकॉर्ड कंपनीवाल्याचा मोठा हात. पंक, म्हणजे तिकडचं आरडाओरडीचं बंडखोर संगीत, म्हटलं की रेडिओवाले दार लावून घेत. नाव बदललं तर दार उघडेल, असा हा व्यापारी हिशेब. आमच्याकडे नाही का, ‘उरलेल्या भाताचे वडे’ म्हटलं की नाक मुरडणारे ‘कटलेट’ म्हटलं की दोन जास्त खातात.

तर अण्णा. दिवसा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, संध्याकाळी तबला. सतारमेकर गल्ली आमच्यापासून दोन बोळ पलीकडे. तिथल्या ओट्यांवर तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले असत आणि अण्णा येता-जाता त्यांच्यावर टिचकी मारत. टिचकी मारल्याशिवाय त्यांना कुठलीच गोष्ट कळत नसे, नारळ असो की नवा जावई.

ते तांब्या खाली ठेवून बसले. मांडीवर बोटं मोजू लागले. एक, दोन, तीन, चार. परत एक, दोन, तीन, चार. मग हात थांबला.

“खाली कुठाय?”

दादाला प्रश्नच कळला नाही. अण्णांचं म्हणणं असं, की ठेक्यात एक जागा मोकळी लागते. तिथे डग्गा गप्प होतो, तेव्हा पुढच्या समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, वजन येतं. इथे सगळ्याच मात्रा भरलेल्या. “सगळीकडे समच. रोज दिवाळी असल्यासारखी,” ते म्हणाले. “माणूस कोण आहे पण? दम म्हणून घेत नाही.”

“अण्णा, माणूस नाही. मशीन आहे.”

अण्णांनी टेपरेकॉर्डरकडे पाहिलं, जणू चूक त्याची. मग तांब्या उचलला. “वाजवतंय बरोबर,” ते म्हणाले, “पण ऐकत नाहीये.” आणि आत गेले.

तेव्हा आम्ही दोघं खुसूखुसू हसलो होतो. आज लिहायला बसले तर एवढं एकच वाक्य नीट आठवतंय.

चालू गाणं होतं ‘डोन्ट यू वाँट मी’. शेफील्डच्या ह्यूमन लीगचं. शेफील्ड म्हणजे पोलादाचं गाव. १९८० मध्ये या बँडमधले वाजवणारे दोघे बाहेर पडले. मागे राहिला फिलिप ओकी. त्याच्याकडे आवाज होता आणि एका बाजूने लांब ठेवलेले केस. त्याने गावातल्या डिस्कोत नाचणाऱ्या दोन शाळकरी मुलींना बँडमध्ये घेतलं. ज्या गाण्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता आणि म्हणून जे रेकॉर्डच्या अगदी शेवटी टाकलं होतं, ते १९८१ च्या नाताळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. अण्णांना दम न घेणारा जो वाटला, तो लिन एलएम-१. रॉजर लिन या गिटार वाजवणाऱ्या माणसाने १९८० मध्ये बाजारात आणलेलं ड्रम मशीन. त्यात खऱ्या ड्रमचे आवाज रेकॉर्ड करून चिपमध्ये साठवले होते. म्हणजे माणूस होताच आत, एकेका ठोक्यापुरता.

अण्णा एकटे नव्हते. १९८२ मध्ये ब्रिटनच्या वादकांच्या युनियनच्या लंडनमधल्या एका शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदी आणा, असा ठरावच केला. वाद्यवृंदाच्या जागी चार बटणं आली तर व्हायोलिनवाल्याने खायचं काय, हा सवाल. त्यात मला हसण्यासारखं काही दिसत नाही. आमच्या दोन बोळ पलीकडे हाच सवाल भोपळ्यांच्या मधोमध बसला होता. १९७९ मध्ये इंग्लंडात गॅरी न्यूमन सिंथेसायझर घेऊन पहिल्या क्रमांकावर पोचला आणि त्याच वर्षी बंगळुरूला जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. पहिली बातमी मुंबईपर्यंत आली असेल-नसेल, दुसरी मात्र हळूहळू मिरजेपर्यंत आली.

मुंबईत या गोष्टी आधी पोचत, हे खरंच. १९८० च्या मार्चमध्ये द पोलिस हा बँड धोबी तलावच्या रंगभवनात वाजवून गेला, हे दादा आपण स्वतः पाहिल्यासारखं सांगे. तो तेव्हा आठवीत होता आणि मामी त्याला सातनंतर चाळीबाहेर सोडत नसे, त्यामुळे मी ते धरत नाही.

कॅसेटच्या पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं ‘ब्ल्यू मंडे’. मँचेस्टरच्या न्यू ऑर्डरचं, मार्च १९८३ चं. साडेसात मिनिटांचं गाणं आणि दुकानदाराकडे फीत उरलेली चार-पाच मिनिटांची. त्याने ते तसंच भरलं. ऐन रंगात आलं की टक्क आवाज करून बटण वर यायचं आणि बाहेरच्या कावळ्याचा आवाज ऐकू यायचा. ते गाणं तिथेच संपतं, असंच मी वीसेक वर्षं समजत होते. पुढे पूर्ण ऐकलं तेव्हा ते उगाच लांबवल्यासारखं वाटलं. अजूनही माझ्या डोक्यात ते कावळ्यावरच संपतं.

या गाण्यामागे एक मरण आहे. याच मंडळींचा आधीचा बँड जॉय डिव्हिजन. त्यांचा गायक इयन कर्टिस १९८० च्या मे महिन्यात, वयाच्या तेविसाव्या वर्षी आत्महत्या करून गेला. उरलेल्यांनी नाव बदललं, ड्रमरची मैत्रीण जिलियन गिल्बर्ट हिला सोबत घेतलं आणि यंत्रं जमवली. त्यांचा सीक्वेन्सर, म्हणजे सूर ओळीने लक्षात ठेवून वाजवणारी पेटी, घरी जुळवलेला होता. त्याला एकेक सूर आकड्यांत भरवावा लागे. जिलियनने आख्खी सुरावट कागदांवर लिहून काढली, कागद एकमेकांना चिकटवले आणि स्टुडिओभर पसरले. ती म्हणते, विणकामाचा नमुना असतो तसं ते दिसत होतं. आणि त्यात तिच्याकडून एक सूर राहिला.

आमची आई मासिकातला नमुना समोर ठेवून स्वेटर विणायची, मिरजेच्या थंडीला न शोभणारे. दोन सुलट, एक उलट. मध्ये कुणी हाक मारली की एक टाका सुटायचा आणि ते कळायचं वीतभर विणून झाल्यावर. मग ती स्वेटर लांब धरून बघायची आणि म्हणायची, असू दे, त्याला कोण बघतंय. जिलियनचंही तेच झालं. राहिलेल्या सुरामुळे सुरावट ठोक्याच्या खांद्याला खांदा लावून चालत नाही, किंचित तिरकी चालते. त्यांनी ते तसंच ठेवलं. बारा इंची रेकॉर्डमध्ये याच्याइतकं खपलेलं दुसरं नाही. अण्णांना ज्या मशीनमध्ये माणूस सापडत नव्हता, त्या मशीनमध्ये तो चूक होऊन बसला होता.

असंच दुसरं. ऐंशीच्या दशकातलं कुठलंही इंग्रजी गाणं लावा, ड्रमचा एक धाडकन फुटून चटकन बंद होणारा आवाज येतो. हौदात दगड टाकावा आणि लगेच झाकण लावावं तसा. तो सापडला लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत, पीटर गेब्रियलच्या १९८० च्या रेकॉर्डच्या वेळी. काचेपलीकडचे वादक काय बोलतात ते आतल्यांना ऐकू यावं म्हणून तिथे एक माइक टांगलेला असे. फिल कॉलिन्स वाजवत असताना तो चालू राहिला आणि ह्यू पॅजम या ध्वनिमुद्रकाचे कान टवकारले. म्हणजे त्या दशकाचा सगळ्यात दणदणीत आवाज निघाला तो नुसतं ऐकण्यासाठी लावलेल्या माइकमधून. पुढे तो इतका बोकाळला की आज दोन ठोक्यांत साल ओळखता येतं. ज्या गाण्यांनी भविष्यकाळाचा आव आणला, तीच आता सगळ्यात आधी जुनी वाटतात. बेलबॉटमला तरी परत फॅशन आली.

दशकाबद्दल बोलायचं तर एमटीव्ही, रंगवलेले डोळे, खांद्यांना गाद्या लावलेले कोट, हे सगळं बोलायला हवं. पण आम्ही त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं. कॅसेटला चेहरा नसतो. आणि लाटबिट असली तरी लोक आपल्याला हवं तेच ऐकतात. १९८१ मध्ये अल्ट्राव्हॉक्सचं धुक्यातून चालल्यासारखं ‘व्हिएन्ना’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या नंबरवर अडकून बसलं, कारण वर जो डॉल्चेचं एक विनोदी गाणं ठाण मांडून होतं. हे कळलं तेव्हा मला इंग्रज लोक फार जवळचे वाटले.

यापेक्षा नवल वाटलं ते मुंबईचं. चरणजित सिंग हे सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे गृहस्थ. त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली, ठेक्यासाठी टीआर-८०८, सुरांसाठी टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८. त्यांच्यावर भैरव, ललित, भूपाळी असे दहा राग वाजवून १९८२ मध्ये रेकॉर्ड केली. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. परदेशी वादकांना ती गंमत वाटली, चरणजितजींना तिच्यात मींड दिसली. तेव्हा फार कुणी घेतली नाही. पुढे यंत्रांवर नाचणाऱ्या जगाला ती सापडली, तेव्हा ज्यांच्या नावावर हे यंत्रांवरचं नाचाचं संगीत जमा आहे, त्या शिकागोवाल्यांच्या आधी हे मुंबईत कसं, म्हणून लोक चक्रावले.

ती मी अण्णांना ऐकवली. डोळे मिटून ऐकली. “भैरव लागलाय,” म्हणाले. ठेक्याबद्दल काहीच बोलले नाहीत.

बोलतील कसे? तोवर त्यांच्या खोलीत स्वतःचंच तबल्याचं मशीन आलं होतं. पासष्टीनंतर बोटांचे सांधे धरले. शिकवण्या सुटेनात. मग एके दिवशी कोल्हापूरहून येताना पिशवीत ते घेऊन आले आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, “पोरांच्या रियाजाला आहे.” डब्याएवढी पेटी, तालाचं एक बटण, लयीचं एक. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. पहिले काही महिने ते त्याला ओरडायचे. “अरे, ती श्वास घेतेय, थांब की.” मशीन थांबायचं नाही. मग शिष्या तान घेऊन समेच्या मागे पडायला लागली की अण्णा हळूच लयीचं बटण केसभर मागे फिरवत. ती सावरली की परत पुढे. तिला कळायचंही नाही.

अण्णा आता ब्याऐंशीचे आहेत. एक कान गेलाय, दुसरा कामापुरता. परवा ते झोपलेत असं बघून मी त्यांचं मशीन बाहेर आणलं. फोनवर ‘ब्ल्यू मंडे’ लावलं आणि मशीनवर केरवा, लय जवळपास जुळवून. सुरुवातीला बरं जमलं. पंधरा-वीस सेकंदांत केरवा सरकायला लागला. दोन्ही आपापल्या जागी बिनचूक, आणि एकमेकांकडे ढुंकून बघत नव्हते. मी बटण केसभर पुढे केलं. जुळलं. परत सरकलं. परत केलं.

आतून खाट करकरली.

“मागे कोण पडतंय गं?”

“मशीन, अण्णा.”

“कुठलं?”

मी बटणावर बोट ठेवून ऐकत राहिले. सांगता येईना.