‘दोन हात’ म्हणजे नक्की किती?

आमच्या चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीची मी सचिव. मागच्या खेपेला इमारतीला बाहेरून रंग दिला तेव्हा करारात एकच ओळ होती: ‘चांगल्या प्रतीच्या रंगाचे दोन हात.’ दुसऱ्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर पोपडे आले. ठेकेदाराला बोलावलं, तर तो शांतपणे म्हणाला, “ताई, दोन हातच दिलेत. एक प्रायमरचा, एक रंगाचा.”

यावर काय बोलणार? प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, ‘हातां’त मोजायचा नाही, असं आम्ही कुठे लिहिलं होतं!

तळमजल्यावर एक निवृत्त वकीलकाका राहतात. त्यांनी १८७२ च्या करार कायद्यातलं कलम २९ काढून दाखवलं. ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल. तिथलं उदाहरण मला फार आवडलं. कुणी ‘शंभर टन तेल’ विकायचं कबूल केलं आणि कुठलं तेल याचा काहीच मागमूस नसेल, तर तो करार फोल. पण विकणारा फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल, तर ते खोबरेलच. “तुमचा ‘चांगल्या प्रतीचा रंग’ म्हणजे असंच बिननावाचं तेल,” काका म्हणाले.

म्हणून यंदा करारात आधी व्याख्या घातल्या. ‘रंग’ म्हणजे अमुक कंपनीचा, अमुक नावाचा, बाहेरच्या भिंतींसाठीचा. सोबत शेड नंबर. ‘किंवा समकक्ष’ हे शब्द मी स्वतः खोडले, कारण समकक्ष कोण ठरवणार? ‘हात’ म्हणजे प्रायमर आणि लांबी (पुट्टी) सोडून रंगाचा एक पूर्ण थर. पाणी डब्यावर छापलंय तेवढंच घालायचं आणि दोन हातांमधलं वेळेचं अंतरही डब्यावरचंच. रंग चांगला असून तो पाण्यासारखा पातळ करून फासला, तर दर्जाच्या व्याख्येची काय पूजा करायची? ओल असलेल्या भिंतीला आधी डागडुजी, मग प्रायमर. डबे कमिटीच्या एका माणसासमोर फोडायचे, रिकामे गच्चीवर मोजून ठेवायचे. (झाकणातली कंपनीची बक्षिसाची टोकनं रंगाऱ्यांचीच. त्यावरून वाद नको, म्हणून तेही लिहिलं.)

बिलातले पाच टक्के पुढचा पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवायचे, यावर थोडी घासाघीस झाली, पण ते ठरलं.

नवा ठेकेदार वयाने लहान. कागद ओळीवर बोट ठेवून वाचत होता. मला वाटलं, कंटाळून उठेल. शेवटच्या पानावर बोट थांबलं.

“ताई, इथे लिहिलंय, ‘सोसायटीचे समाधान होईल असे काम’. हे समाधान कुणाचं? चोवीस घरांचं?”

मी गप्प. ती ओळ माझीच होती, आणि मला ती छान वाटली होती.

शेवटी ती खोडली. त्या जागी आलं: काम संपल्याचं पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत कमिटीच्या दोघांनी त्याच्यासोबत पाहणी करायची, उणिवा एकदाच लिहून द्यायच्या. सात दिवसांत काही कळवलं नाही, तर काम मान्य. त्याने सही केली आणि विचारलं, “परांची सोमवारी बांधू का?”

चौथ्या मजल्यावरच्या आजींना वाळवणं काढायला सांगायचं राहिलंय.