केलरमधली गोधडी

जानेवारीत इथे म्युनिकला कडाक्याची थंडी पडली तेव्हा मला आईच्या गोधडीची आठवण झाली, तिच्या जुन्या सुती साड्यांची, हाताने टाके घातलेली. ती होती खाली केलरमध्ये. केलर म्हणजे तळघर, इथे बहुतेक बिल्डिंगमध्ये प्रत्येक फ्लॅटला खाली एक छोटी खोली मिळते, लाकडी पट्ट्यांचं दार आणि त्याला आपलं कुलूप. सात वर्षांत जे जे वर मावलं नाही ते सगळं आम्ही तिथे नेऊन ठेवलं होतं. गोधडीपर्यंत पोचायलाच अर्धा तास गेला आणि हातात आली तेव्हा एका बाजूला काळे ठिपके आणि कुबट वास. मी तिथेच खोक्यावर बसून रडले.

नंतर शेजारच्या जर्मन आजींनी कारण सांगितलं. आम्ही उन्हाळ्यात "हवा खेळू दे" म्हणून भर दुपारी केलरची खिडकी उघडी ठेवायचो, तीच चूक. बाहेरची गरम हवा आपल्यासोबत ओलावा घेऊन आत येते आणि खालच्या गार भिंतीला लागली की पाणी सुटतं, गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब धरतात ना, अगदी तसंच. उन्हाळ्यात खिडकी उघडायची ती रात्री नाहीतर पहाटे. आणि पुठ्ठ्याची खोकी जमिनीवर, भिंतीला चिकटून ठेवायची नाहीत, पुठ्ठा ओल शोषतो.

मग ठरवलं, केलर पूर्ण रिकामं करायचं. चार शनिवार लागले (रविवार इथे शांततेचा वार, ठोकाठोक चालत नाही). आणि हे सगळं काढताना मला एक गोष्ट लख्ख कळली की पुण्यात आमच्या घरी पसारा कमी होता तो आम्ही टापटीप होतो म्हणून नव्हे, तर दारावर माणसं यायची म्हणून. रद्दीवाला यायचा, भंगारवाला ओरडत जायचा, बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडं द्यायची आणि आई तिच्याशी तासभर घासाघीस करायची. वस्तू आपोआप घराबाहेर पडायच्या, वर चार पैसेही मिळायचे. इथे दारावर कोणी येत नाही. प्रत्येक वस्तू कुठे जाणार हे आपणच शोधायचं, आणि ते माहीत नसलं की ती केलरमध्ये जाते.

आता माहीत झालंय. कागद, पुठ्ठा निळ्या डब्यात. काचेच्या बरण्या रस्त्यावरच्या कंटेनरमध्ये, पांढरी, हिरवी, तपकिरी काच वेगवेगळी, आणि रविवारी टाकायची नाही कारण आवाज होतो. पैसे परत मिळतात ते फक्त पेयांच्या बाटल्या आणि कॅनचे, म्हणजे विकत घेताना भरलेली अनामत, त्याला फांड म्हणतात, पाण्याच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीला २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीला साधारण ८. आमच्या केलरमध्ये तीन पिशव्या भरून निघाल्या. बंद पडलेला मिक्सर (इंडियातून आणलेला, त्यावर माझी पहिली इडली झाली होती इथली), मोडकं कपाट, वायरी हे सगळं महापालिकेच्या वेर्टश्टॉफहोफवर, म्हणजे पुनर्वापराच्या वस्तू जमा करायच्या केंद्रावर नेलं, तिथे प्रत्येक प्रकारासाठी वेगळा मोठा कंटेनर असतो आणि तिथली माणसं विचारलं की नीट सांगतात. चांगल्या अवस्थेतल्या वस्तू तिथे बाजूला काढून घेतात, त्या म्युनिकच्याच पासिंग भागातल्या 'हाले २' या महापालिकेच्याच सेकंडहँड दुकानात विकल्या जातात. आमचं लाकडी टेबल तिकडे गेलं याचा मला फार आनंद झाला, कोणीतरी त्यावर जेवेल.

सगळ्यात जड गेले ते मुलीचे लहानपणीचे कपडे. दोन झबली आणि एक कुंची ठेवली, बाकीचे ओळखीतल्या एका मराठी जोडप्याला दिले, त्यांना मार्चमध्ये बाळ होणारे.

आता खाली दोन लोखंडी रॅक आहेत, भिंतीपासून चार बोटं लांब, त्यावर झाकणाचे प्लास्टिकचे डबे, आत नीट वाळलेल्या वस्तूच. डब्यांवर मराठीत चिठ्ठ्या आहेत, "आकाशकंदील, पणत्या, रांगोळी", "गणपतीचं मखर", "प्रवासाच्या बॅगा". डब्यांचा फोटो काढून तो फोनवर ठेवलाय, म्हणजे दिवाळीत कंदिलासाठी सगळं उपसायला नको. गोधडी तीनदा धुतली, बाल्कनीत जेवढं ऊन मिळालं तेवढं दिलं, वास गेला पण थोडे ठिपके राहिलेत. ती आता वरच असते, मुलीच्या अंगावर.

दाराजवळचा कोपरा मुद्दाम रिकामा ठेवलाय. ईस्टर झाला की गाडीचे विंटर टायर निघतात, ते चार तिथे बसतील.